पाझीबाबांनी पावलांनी मोजलेल्या वाटा

आमच्या मिकोरोशोनी वस्तीतला एकही प्लॉट पाझीबाबांच्या साक्षीशिवाय विकला गेलेला नाही. इथे त्यांच्या वडिलांची काजूची बाग होती. दार-एस-सलाम या अंगाला पसरू लागलं तशी बाबांनी ती तुकड्यातुकड्यांनी विकली. टेप नाही, नकाशा नाही. बाबा पावलं टाकायचे. मधे वाट सोडायचे, तिचं माप एकच: डोक्यावर बादली घेतलेल्या दोन बायका एकमेकींच्या बाजूने जाऊ शकल्या पाहिजेत. घेणाऱ्यांनी पुढे अर्धं-अर्धं विकलं, त्या कागदांवरही साक्षीदार बाबाच. वाटा वाकत गेल्या, कुणाच्या तरी भिंतीपाशी संपत गेल्या. आम्ही मागची भिंत घातली तेव्हाही ते म्हणाले होते, "घाला हो, लोक वळसा घेतील."

आज दुपारनंतरच्या, असरच्या नमाजासाठी मी हातपाय धुऊन वझू करत होते, तोच बाबांची हाक आली. त्यांची बायको, बी चौसिकू, अंगणात कोसळली होती. तोंड वाकडं, उजवा हात लुळा. एकाने पाठुंगळी घेतलं तर उलटीने श्वास अडकू लागला, म्हणून शेजारच्या चौघांनी खाटेसकट उचललं. मीही मागे धावले. आमच्या भिंतीपाशीच्या वळणावर खाट अडकली.

"मागे घे रे!"

"मागे कुठे घेऊ? मागे तूच उभा आहेस!"

रिक्षावाला हमादी रिक्षा आमच्या फाटकाशी ठेवून पळत आला होता. "बाबा, ही वाट बादलीसाठी सोडलीत, माणसासाठी नाही!"

चौसिकूच्या घशातून घरघर येत होती. भिंतीपलीकडे आमचं अंगण, त्यापुढे फाटक.

"शोमारीच्या आई," बाबा मला म्हणाले, "पहार आहे घरात?"

आमचे हे दुकानावर होते. ही भिंत त्यांनी स्वतःच्या हातांनी रचलेली. मी वळसा घालून घरात गेले, बिस्मिल्ला म्हटलं आणि पहार भिंतीवरून दिली. पहिला घाव बाबांनीच घातला. दहाव्याला विटा कोसळल्या, खाट अंगणातून फाटकाशी, रिक्षापर्यंत गेली.

सूर्य बुडताना, मगरिबला हमादीचा दवाखान्यातून फोन आला. आत घेतलंय, श्वास चालू आहे, पुढचं डॉक्टरही सांगत नाहीत.

हे भगदाडापाशी उभे होते. "कुणाला विचारून पाडलीत? उद्याच बांधून घेतो."

"बी चौसिकू घरी कशी यायची मग?" मी म्हटलं. "खाटेवरनंच ना?"

"आणि नाही आली तर?"

"तरी इथूनच न्यावं लागेल."

पडलेल्या विटा यांनी उचलून एका बाजूला रचल्या आणि नमाजाला गेले. मी अजून नमाजाच्या चटईवर बसून तिच्यासाठी दुआ मागते आहे.