पंचनाम्याचा फोटो

पंचनाम्याला जाताना कोणती साडी नेसावी, हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

मी नांदेडची, शहरात वाढलेली. लग्न होऊन रेणापूरजवळच्या या गावात आले आणि नवऱ्याने हौसेने दोन एकर माझ्या नावावर केलं. (हौस त्याची, चिखल माझा.) पुढे एका वर्षी सोयाबीन काढणीला आलं आणि पाऊस असा लागून राहिला की झाडावरच शेंगांना कोंब फुटले. अनुदान मिळालं तरच हरभऱ्याचं बियाणं येणार होतं, नाहीतर रान पडीक.

सकाळी तलाठी मॅडमचा फोन आला. "शेत ज्याच्या नावावर हाय, त्यालाच शेतात उभं राहावं लागंल. फोटो काढायचाय."

फोटो म्हटल्यावर मी काठापदराची साडी नेसले, पावडर लावली, गजराही माळला. आत्यांनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"नुकसान दाखवायला चाललीस का वाण वाटायला?"

साडी बदलायला वेळ नव्हता. आत्या, नवरा आणि मी शेतावर पोचलो तेव्हा मॅडम बांधावर मोबाइल धरून उभ्याच होत्या.

"ताई, हसू नका."

"मी कुठं हसून राहिले?"

खरंच हसत नव्हते. कॅमेरा दिसला की माझे दात आपोआप बाहेर येतात.

"हा फोटो बघून साहेब म्हणतील, बाई तर खूश हाय," मॅडम म्हणाल्या.

"सडलेलं पीक आठव," नवरा म्हणाला. आठवलं. दात मात्र आत जाईनात.

"जरा मागं सरा. सोयाबीन दिसंना, नुसती साडीच दिसून राहिली."

मी मागे सरले. काळ्या मातीने आधी घोटे धरले, मग पोटऱ्या. एक पाय उपसायला गेले तर दुसरा गुडघ्यापर्यंत गेला. आत्या मला धरायला आत आल्या आणि माझ्याशेजारी फतकल मारून बसल्या. नवरा धावत आला.

"हात दे."

दिला. तो पाण्यात पालथा पडला.

"हालू नका कुणी," मॅडम म्हणाल्या आणि फोटो काढला. त्यांच्या आवाजात पहिल्यांदाच समाधान होतं. "आता बेस आला. तिघांच्या बी तोंडावर नुकसान दिसून राहिलं."

शेजारच्या रानातल्या पाशाभाईंनी दोर टाकून आम्हाला एकेक करून बाहेर ओढलं. गजरा तिथेच राहिला. घरी आल्यावर आत्या गरम पाण्याच्या बादलीत पाय सोडून बसल्या आणि डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या. पीक गेल्यापासून त्या हसल्याच नव्हत्या.

अनुदान पेरणीच्या आधी खात्यात आलं. सगळं नुकसान भरून निघालं नाही, पण हरभरा पेरला आणि तो उगवलाही. आत्या गावभर सांगत सुटल्या, "आमच्या सुनेनं मिळवलं."

पुढच्या पावसाळ्यात पाशाभाईंचं रान पाण्याखाली गेलं. एका सकाळी ते संकोचून आमच्या दारात उभे राहिले.

"भाभी, उद्या मॅडम येणार हायत. मी उभा राहतोच, पण माझ्या बाजूला तुम्ही बी राहा की जरा."

"मी कशाला, भाई?"

"तुमच्या चेहऱ्यावर नुकसान लई शोभून दिसतंय."

लग्नाला इतकी वर्षं झाली. माझ्या दिसण्याचं या गावात कोणी केलेलं हे पहिलंच कौतुक.