राजाच्या डोक्यावर दशमी

नीलकंठराव बेहेरे पुण्याच्या पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झाले आणि मुलाकडे, सुशीलकडे, ऑकलंडला बॉटनी डाउन्समध्ये राहायला आले, त्याला आता चार वर्षं झाली. पुणं सुटलं, पण टेकडी सुटली नाही. पुणेरी माणसाला टेकडी दिसली की त्याचे पाय शिवशिवतात. चढायचं, वर टेकायचं, डबा उघडायचा, मग जगाला शहाणपण शिकवायचं. हा त्यांचा चाळीस वर्षांचा नेम होता. इथे पिजन माउंटन मिळाला, हिरवागार, वर बाकं टाकलेला, आणि तिथेच एका सकाळी किमसाहेब मिळाले.

किम डोंग-हो तीन घरं सोडून राहायचे, एकटेच. वय सत्त्याहत्तर. दोघांचंही इंग्रजी मोडकंतोडकं, त्यामुळे दोघांना एकमेकांचं अगदी स्वच्छ कळायचं. किमसाहेब बोलायचे कमी. नीलकंठराव बोलायचे भरपूर. जमलं! नात ईशा म्हणायची, "आबा, ही इज युवर बेस्टी." चिडवण्यासाठीच म्हणायची कार्टी, पण खोटं काय होतं त्यात? मुलगा-सून दिवसभर कामावर, नातीला मराठी कळतं पण उत्तर इंग्रजीत, आणि बायकोशी, मंदाकिनीबाईंशी, बोलायचं ते सगळं पंचेचाळीस वर्षांत बोलून झालेलं. या देशात मित्र म्हणावा असा माणूस एकच होता, आणि तो किमसाहेब होता.

ऑगस्टच्या शेवटी किमसाहेब गावी निघाले. कोरियातल्या ग्योंगजूला. हजार वर्षं राजधानी असलेलं जुनं शहर. आपलं कूळ तिथल्या राजांचं, असं ते कधीतरी हळूच सांगायचे. म्हणाले, "मिस्टर नील, चला. माझं गाव दाखवतो." आता हे म्हणणं किती मोठं होतं, ते नीलकंठरावांना तेव्हा कळलं नाही. त्यांनी विमानाचं तिकीट काढलं. मंदाकिनीबाईंनी दुधातल्या दशम्या आणि लसणाची चटणी बांधून दिली. "अहो, तिथे काय खाल कोण जाणे. आणि जरा कमी बोला."

पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी गाइडबरोबर शहर बघायचं होतं. गाइड होती एक चटपटीत मुलगी, हातात पिवळी झेंडी. सकाळी देऊळ झालं, दगडी मनोरे झाले, ताऱ्यांचा वेध घ्यायची जुनी वेधशाळा झाली. नीलकंठराव खूश! दगड कसा घडवलाय, पाणी कसं वळवलंय, सगळ्यावर त्यांचं मत होतंच. किमसाहेब मात्र सकाळपासून गप्प होते. कपडेही त्यांनी कडक इस्त्रीचे घातले होते, काळा सूट, पॉलिश केलेले बूट. कोण सहलीला सूट घालतं? नीलकंठरावांनी थट्टासुद्धा केली त्यावरून.

दुपारी एका वाजता बस थांबली. गाइड पुढच्या बागेची तिकिटं काढायला गेली, किमसाहेब फुलं आणायला गेले. आणि समोर, रस्त्याला लागूनच, मोकळ्या हिरवळीत एक टेकडी. गोल, गुळगुळीत, जणू मोदक उपडा ठेवलाय. फलक होता, पण चष्मा बॅगेत आणि बॅग बसमध्ये. डबा तेवढा हातात.

झालं! निघाली स्वारी. पाच मिनिटांत वर. वारा सुटलेला, खाली कौलारू घरं, दूर डोंगर. नीलकंठरावांनी फतकल मारली, डबा उघडला, पहिला घास घेतला आणि मनात म्हणाले, वा! चतुःशृंगी झक मारते.

तेवढ्यात खालून शिट्टी वाजली. मग दुसरी. गाइड धावत येत होती, झेंडी डोक्यावर फिरवत, किंचाळत. लोक थांबले. कुणी फोन वर धरले. नीलकंठरावांना वाटलं, बस सुटतेय. त्यांनी हातानंच खूण केली, आलो, एवढी दशमी संपवतो!

"सर! खाली या! ही कबर आहे! राजाची कबर आहे!"

दशमी हातातच राहिली. त्यांनी आजूबाजूला पाहिलं. पलीकडे आणखी टेकड्या होत्या, एक, दोन, पाच, सगळ्या तशाच गोल. टेकड्या नव्हत्याच त्या. सगळी राजघराण्याची माणसं झोपलेली. आणि आपण कुणाच्या तरी डोक्यावर बूट घालून लसणाची चटणी खातोय! अरे देवा! माणूस आयुष्यभर कुणाच्या उंबऱ्याला पाय लावत नाही आणि हे काय होऊन बसलं?

उतरताना दोनदा घसरले. खाली किमसाहेब उभे होते. काळा सूट, हातात पांढरी फुलं. चेहरा पांढराफटक. नीलकंठरावांनी हात जोडले, सॉरी म्हणाले, पाच वेळा म्हणाले. किमसाहेबांनी कबरीसमोर गुडघे टेकून, कपाळ जमिनीला लावून दोनदा नमस्कार केला आणि जाऊन बसमध्ये बसले.

उरलेला दिवस गाइड काय सांगत होती, काही कळलं नाही. एवढंच आठवतं, की एका जोडटेकडीशी ती म्हणाली, इथे नवरा-बायको शेजारी शेजारी आहेत. तिथे किमसाहेब खूप वेळ उभे राहिले. सगळी मंडळी पुढे गेली तरी हलले नाहीत. जवळ जायची नीलकंठरावांची छाती झाली नाही.

परतीच्या विमानात अकरा तास शेजारी बसून दोघं एकमेकांशी बोलले नाहीत. ऑकलंडला आल्यावर किमसाहेब पिजन माउंटनला यायचे थांबले. नीलकंठराव रोज जायचे, डबा तसाच परत आणायचे. मंदाकिनीबाई वैतागल्या. "जाऊन पाय धरा त्यांचे!" ते तीनदा गेले. बेल वाजवली. दार उघडलं नाही. चार आठवडे हे असं चाललं. भल्या माणसाचं जेवण तुटलं हो.

सप्टेंबरच्या शेवटी, पितृपक्ष लागायच्या आदल्या दिवशी, सकाळी दारात किमसाहेब उभे. तोच काळा सूट, हातात गवत कापायची मोठी कात्री.

"मिस्टर नील, जॅकेट घाला."

मंदाकिनीबाईंनी काही न विचारता डबा हातात कोंबला.

गाडी थांबली ती दफनभूमीत. सपाट लॉन, रांगेत दगड. किमसाहेब एका दगडापाशी वाकले आणि कडेचं गवत कापायला लागले. नीलकंठरावांनी या वेळी आधी चष्मा लावला, मग वाचलं. किम सून-जा, १९५१ ते २०१६. बायको! चार वर्षं रोज एकत्र बसलो, आपण बोलत राहिलो, एकदा विचारलं नाही की तुमची बायको कुठे आहे.

आणि त्याखाली दुसरं नाव होतं. किम डोंग-हो, १९४८. पुढे एक रेघ. रेघेपुढे कोरी जागा.

जिवंत माणसाचं नाव कबरीवर! "किमसाहेब, हे काय अभद्र?" नीलकंठराव म्हणाले.

"तिच्या शेजारची जागा," किमसाहेब म्हणाले. "आमच्यात या दिवसांत गवत कापतात, जेवण आणतात. आधी त्यांना, मग आपण. डब्यात काय आहे?"

नीलकंठरावांनी एक दशमी दगडापाशी ठेवली. सवयीनं वर पाहिलं, कावळा कुठे दिसतो का. इथे कसला कावळा! एक साळुंकी आली, टुणटुण करत, आणि तिनं चोच मारली. किमसाहेब हाकलायला उठले, तर नीलकंठरावांनी त्यांचा हात धरला. "असू द्या. आमच्यात हे लागतं."

मग दोघांनी खाल्लं. डबा संपल्यावर किमसाहेब बोलले.

"त्या दिवशी मी फार चिडलो. तुम्हाला गाव दाखवायला नेलं आणि तुम्ही माझ्या पूर्वजांवर चढलात. मग चार आठवडे विचार केला. त्या राजाच्या जवळ बसून इतक्या वर्षांत कुणी जेवलं असेल का? लोक फोटो काढतात आणि जातात. माझा मुलगा वेलिंग्टनला आहे. चांगला आहे. फुलं पाठवेल, ऑनलाइन."

त्यांनी कात्री पुसली आणि नीलकंठरावांच्या मांडीवर ठेवली.

"तुम्ही याल? बसाल, खाल, बोलाल? तुम्ही बोललेलं मला चालतं."

नीलकंठरावांनी कात्री उचलून हातात धरली. त्यांनी नुसती मान हलवली. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

"फक्त वर चढू नका," किमसाहेब म्हणाले. "शेजारी बसा."