भाईचे चाळीस, माझे अकरा

चाळीस गुंठे स्वतःला ठेवले आणि मला अकरा... याला वाटणी म्हणतात का? दोन वर्षं हेच बोलत आलोय. रूमवर, मेसमध्ये आणि इथे या ग्रुपवरसुद्धा. सख्ख्या भावाचं नाव घालून लिहिलं होतं मी, आणि खाली तुम्ही लिहिलं होतंत, "भावा, घरातल्यानेच लुटला तुला."

आज त्याच्याच पुढचं लिहितोय.

मी सौदीत दम्मामला कंपनीची गाडी चालवतो. परवा आमच्या स्वीडनच्या इंजिनियर साहेबांना घेऊन हफ्र अल बातिनला चाललो होतो. सरळ रस्ता, दोन्हीकडे वाळू... साहेबांना आपले पूर्वज शोधायचा नाद आहे. त्यांच्याकडच्या शेतसाऱ्याच्या जुन्या वह्या मोबाईलवर बघत बसतात.

म्हणाले, खापरपणजोबाचं शेत सापडलं, मान्तालचा आठवा हिस्सा. मी म्हटलं, "एवढंसंच? बिचारे." साहेब हसले. "मी पण आधी असाच फसलो होतो."

मग त्यांनी समजावलं. मान्ताल म्हणजे जमिनीची लांबी-रुंदी नाही. त्या शेतावर किती पोटं भरतील आणि सारा किती झेपेल, त्याचा तो अंदाज. खापरपणजोबाला तळ्याकाठचा लहान तुकडा, त्यांच्या भावाला दगडांचं मोठं रान... पण दोघांच्या नावावर आठवाच हिस्सा, दोघांना सारा सारखाच.

पेट्रोल पंपावर गाडी थांबली तेव्हा मोबाईलमधले आमच्या सातबाराचे फोटो उघडले.

मी आठवीत शाळा सोडली. वाटणी झाली तेव्हा सातबारावर नुसतं क्षेत्र वाचलं होतं आणि पेटलो होतो. त्यातच 'आकार' असतो, म्हणजे सरकारने जमिनीचा कस बघून लावलेला सारा. भाईच्या चाळीस गुंठ्यांचा आकार माझ्या अकरांपेक्षा कमी निघाला...

मग एकेक आठवायला लागलं. ते चाळीस गुंठे म्हणजे आमचा कातळ, गवताशिवाय काही येत नाही. अकरा गुंठे म्हणजे पऱ्याच्या, ओढ्याच्या कडेचं खाचर. पावसात भात, मागून वाल. अब्बा ते गुंठ्यात कधी मोजायचेच नाहीत, "घर पोसतं ते" एवढंच म्हणायचे. भाईने ते मला दिलं होतं.

मी रागात सांगितलं होतं, माझ्या तुकड्यात कोणी पाय ठेवायचा नाही. भाईने खरंच ठेवला नाही. दोन पावसाळे खाचर पड आहे, आणि भाभी दुकानातून तांदूळ आणते... हे मला माहीत होतं. तेव्हा बरं वाटलं होतं.

पोचल्यावर भाईला फोन केला. विचारलं, खाचर कसं आहे. भाई म्हणाला, "रान माजलंय रे त्यात. बांध पण फुटलाय." मग म्हणाला, "जेवलास?"

जुनी पोस्ट काढून टाकणार होतो, पण राहू देतो. ज्यांनी ती वाचली, त्यांनी ही पण वाचावी.

इतके दिवस पैसे अम्मीच्या खात्यावर जायचे. उद्या पहिल्यांदा भाईच्या नावावर लावतोय, बांधाला आणि बियाण्याला... सातशे रियाल.