आईचा हात

बारामतीत कॅमेऱ्याचा वर्ग लावला, तेव्हा सरांनी पहिलंच काम दिलं, घरातल्या एका माणसाचा चेहरा टिपून आणा, फोकस डोळ्यांवर हवा. काटेवाडीला परतल्यावर मी आईला गोठ्याच्या दारात सकाळच्या उन्हात बसवलं. फोकस जुळतो न जुळतो तोच वडील ओरडले, "आदी गाईचा फोटू काढ, विमावाला खोळंबलाय!" आई लगेच उठली आणि गाईचं दावं धरून उभी राहिली.

माझं डोकंच फिरलं. आमच्या प्रत्येक गाईचे दोन्ही बाजूंनी, समोरून, कानातला बिल्ला दिसेल असे फोटो घरात आहेत. आईचा मात्र आधारकार्डावरचा एकच, आणि तोही तिचा वाटत नाही.

तरी गाईचा काढला. विमावाल्यानं कॅमेऱ्यात डोकावून पाहिलं. "झकास हाय, ताई. तेवढा बाईंचा हात कापा, नुसती गाय पायजे."

ज्या हाताशिवाय ती गाय थेंबभर दूध देत नाही, तो हात कापा म्हणे! मी तोंड उघडणार, तेवढ्यात आईच म्हणाली, "काप की मग. बिल्ला दिसला म्हंजी झालं."