कंडेन्सरसमोर आप्पा

डॉक्टरांनी आप्पांचं स्वरयंत्र काढावं लागेल असं सांगितलं आणि मी माईक शोधायला लागले. रडायचं वगैरे नंतर बघू म्हटलं. ऑपरेशनच्या आधी त्यांचा आवाज पकडून ठेवायचा, एवढंच डोक्यात होतं.

आप्पा म्हणजे माझे वडील. कोल्हापुरात आणि आसपासच्या गावांच्या जत्रांत कुस्त्यांची मैदानं होतात, तिथं ते निवेदन करायचे. कुठला पैलवान, कुठल्या गावचा, कुणाचा पट्ठा, कुणाशी जोड, हे हातात माईक धरून पुकारायचं. कुस्ती लागली की डाव सांगायचे आणि रेंगाळली की दोघांनाही खडसावायचं. जत्रांचा हंगाम संपला की त्यांचा आवाज बसायचाच. त्यामुळे या वर्षी बसलेला आवाज उठला नाही, तेव्हाही आम्ही खडीसाखर आणि ज्येष्ठमध देत राहिलो. दुसऱ्या कुठल्या घरात इतका घोगरा आवाज ऐकून लोकांनी दवाखाना गाठला असता. आमच्याकडे शेजारी कौतुकानं विचारत, "यंदा लई मैदानं झाली वाटतं?" आणि आप्पा मान हलवत. या गोष्टीचा मला अजून संताप येतो, आणि तो नेमका कुणावर काढावा ते कळत नाही.

मी त्यांना मैदानात कधी ऐकलेलं नाही. माझ्या लहानपणी बायका-पोरी मैदानात जात नसत. मैदान जवळपास असलं तर गच्चीवर उभी राहून भोंग्यातून जेवढं वाऱ्यावर येईल तेवढं ऐकायचं. आता मैदानांचे व्हिडिओ नेटवर ढिगानं आहेत. त्यांत आप्पाही आहेत, पण हलगीखाली आणि पब्लिकच्या आरोळ्यांखाली दबलेले. मला आप्पांचा नुसता आवाज पाहिजे होता. मोबाईलवर घे की, असं नवरा म्हणाला. तेही करून बघितलं. पत्र्याच्या डब्यात तोंड घालून बोलावं तसं ते ऐकू आलं.

मग माझी शोधाशोध सुरू झाली आणि डोकं उठलं. जो तो व्हिडिओ सांगत होता की आवाजातलं बारीकसारीक पकडायचं तर कंडेन्सर माईकच पाहिजे, आणि हल्ली ते स्वस्तात मिळतात. स्वस्त म्हणजे किती, यावर दोघांचं एकमत नव्हतं. सांगणारी सगळी गुळगुळीत पोरं, भिंतींना फोम लावलेल्या खोलीत बसून कानात कुजबुजल्यासारखं बोलणारी. त्यातल्या एकालाही घसा बसलेला मैदानी बाप नव्हता. एकापाठोपाठ एक माईक ऐकवायचे आणि विचारायचे, कळला का फरक? मला काडीचा फरक कळत नव्हता, कारण ते सगळे माईक मी माझ्या मोबाईलच्या टिचभर स्पीकरवर ऐकत होते. खाली प्रतिक्रियांत एक म्हणायचा, झकास. दुसरा म्हणायचा, पैसे पाण्यात. दोघंही त्याच माईकबद्दल बोलत असायचे.

शेवटी वैतागून एक मागवला. काळाभोर, देखणा, सोबत स्टँड आणि फोमची टोपी. जोडला तर मुका. मला वाटलं तार सैल आहे, मग वाटलं माझंच काहीतरी चुकतंय. पुष्कळ खटपटीनंतर कळलं की या जातीच्या माईकला तारेतून वेगळी वीज पुरवावी लागते, तिला फँटम पॉवर म्हणतात, आणि ती पुरवणारं यंत्र माईकपेक्षा महाग असतं. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. हे खोक्यावर लिहिलेलं होतं म्हणा, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात.

तो परत पाठवला आणि गावातल्या एका साउंड सिस्टिमच्या दुकानात गेले. त्या दुकानदाराचं गिऱ्हाईक म्हणजे तरुण मंडळं आणि बँडवाले.

"पब्लिक किती असतंय ताई?" त्यानं विचारलं.

"एकच माणूस बोलणार. आमच्या घरात, मधल्या खोलीत."

"मग माईक कशाला? तसंच ऐकू येतंय की."

मी रेकॉर्डिंगचं समजावून सांगितलं. त्यानं काउंटरखालून लुकलुकणाऱ्या दिव्यांचा एक माईक काढला. "ह्यो घ्या. गाणी म्हणा, वाढदिवस करा, रंगबी बदलतोय."

मी बाहेर पडले. दवाखान्यातून तारीख मिळाली होती, आणि मी रंग बदलणारे माईक बघत फिरत होते.

शेवटी थेट मोबाईललाच जोडता येईल असा एक साधा कंडेन्सर मिळाला. तो चालायला लागला तेव्हा माझा विश्वासच बसेना. मी माहेरी गेले, मधल्या खोलीच्या खिडकीवर वाकळ टांगली, लोखंडी कपाटावर दुसरी टाकली, पंखा बंद केला, माईक आप्पांच्याच मोबाईलला जोडला आणि आईला बजावलं की कुकर लावायचा नाही. आप्पा पांढरा शर्ट आणि टोपी घालून आले. खुर्चीवर बसायच्या आधीच त्यांनी माईक स्टँडवरून उपसला, त्यावर टकटक केलं आणि जोरात फुंकर मारली. माईकवरचा दिवा लाल झाला, म्हणजे आवाज फाटला.

"आप्पा, हात लावू नका त्याला. आणि फुंकायचं नाही."

"फुकल्याबिगर चालू हाय का न्हाय कळणार कसं?"

माईक परत स्टँडवर बसवला. आप्पा त्याच्या टोकाला ओठ लावून बोलायला लागले. या माईकचं टोक म्हणजे नुसतं डोकं. तो ऐकतो पोटाच्या बाजूनं. मी त्यांना बाजू दाखवली. "बाजूला कसलं तोंड?" असं म्हणून ते पुन्हा वरूनच बोलले. आयुष्यभर ज्यांनी माईक कणसासारखा तोंडाशी धरला, त्यांना वीतभर लांब बसून बोला म्हणणं म्हणजे पैलवानाला लांबून हात जोडून कुस्ती कर म्हटल्यासारखं. हे मला आज सुचतंय. तेव्हा मी त्यांच्या खुर्चीभोवती खडूनं रेघ मारली होती.

एवढं करून ऐकलं, तर त्या माईकनं आप्पा सोडून सगळं टिपलेलं. वरच्या मजल्यावरच्या मिक्सरची घरघर, गल्लीत कुणीतरी बुलेटला मारलेल्या किका, कबुतरं, आणि समोरची बाई फोनवर सुनेची गाऱ्हाणी सांगत होती ती शब्दन् शब्द. ती गाऱ्हाणी ऐकताना आप्पांना इतकी मजा वाटली की त्यांनी ती दोनदा लावायला लावली. मला हसू येण्यासारखी ती वेळ नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी बैठक जमवली ती समोरची बाई बाजारला गेल्यावर. गल्ली जरा निवांत होती. मी बटण दाबलं आणि म्हटलं, "हं, करा निवेदन."

आप्पा भिंतीकडे बघत बसले.

"कशाचं?"

"कुठल्याही कुस्तीचं. तुम्हाला आठवेल त्या."

"जोड कुठाय?" ते म्हणाले. "समोर पोरं न्हाईत, माती न्हाय. भिताडाला काय पुकारू?"

यावर मी तोड काढली. त्यांच्यापुढं दुसऱ्या मोबाईलवर एका जुन्या कुस्तीचा व्हिडिओ ठेवला, आवाज बंद करून. आता बघा आणि बोला. आप्पा पुढं झुकले, बघायला लागले, आणि बघतच राहिले. त्यांच्या मुठी आवळल्या, एक खांदा वर झाला, एकदा मांडीवर थाप पडली, तीही माईकनं इमानानं टिपली. पण तोंडातून शब्द नाही. कुस्ती संपली तेव्हा ते म्हणाले, "पोरगं चांगलं हुतं. फुकट घालवली."

माझा तोल गेला. मी काय काय बोलले ते सगळं आप्पांच्या मोबाईलवर आहे, स्वच्छ आवाजात. मी इथं घरदार सोडून येते, माझी पळापळ दिसत नाही का, दिवस किती उरलेत कळतंय का, तुमच्या आवाजाची मला जेवढी काळजी आहे त्याच्या निम्मी तरी तुम्हाला आहे का, असलं पुष्कळ. आप्पांनी सगळं ऐकून घेतलं. मग शांतपणे म्हणाले, "तुला मैदान पाहिजे. मला उद्या च्या मागायला तोंड पाहिजे. बटण दाब."

आणि ते बोलायला लागले. "व्हय." थोडं थांबून, "न्हाय." मग "च्या टाक." "पाणी जरा कोमट दे." "कोण हाय?" "पावणं, बसा की." "लाईट घालवा." "दुकतंय." हे शेवटचं त्यांनी दोन प्रकारे घेतलं, एक थोडं दुखतं तेव्हाचं आणि एक जास्त. मी एकेक तुकडा घेत गेले. या बैठकीत त्यांनी रेघ ओलांडली नाही, फुंकर मारली नाही, बरोबर बाजूनं बोलले. आणि मी आतल्या आत धुमसत होते. एवढा माईक शोधला, एवढा जीव काढला, तो "लाईट घालवा" ऐकायला? गच्चीवर उभी राहून मी ज्याची वाट बघायचे ते हे नव्हतं.

आई दोन्ही दिवस या सगळ्याला नावं ठेवत स्वयंपाकघरात होती. ती हात पुसत आली आणि दाराशी बसली. आपला मोबाईल तिनं माझ्यापुढं धरला.

"माझंबी एक घ्या. माझ्या मोबाईलात."

"तुझं काय?" आप्पा म्हणाले.

"माझं नाव."

"नाव कशाला? अगं म्हटलं की येतीस की तू."

"आता अगंबी ह्यो मोबाईलच म्हणणार न्हवं का? मग नावच घ्या."

लग्नात उखाण्यात घेतलं असेल तेवढंच. नंतर आप्पांनी आईला नावानं हाक मारलेली मी ऐकलेली नाही. त्यांच्या पिढीत कुणी मारतही नसे. ज्या माणसानं भरल्या मैदानात इतक्या पोरांची नावं गाजवली, तो बायकोचं नाव घ्यायला घाम पुसायला लागला. मला म्हणाले, "तू भाईर जा."

"मी बाहेर गेले तर बटण कोण दाबणार?"

मी माईक आईच्या मोबाईलला जोडला. आप्पा उठले. टोपी नीट केली, माईक स्टँडवरून उपसला आणि ओठाशी धरला. मी तोंड उघडायच्या आत सुरू झाले.

"आता मैदानात येत हाय, चंदगड तालुक्यातनं, पावसात वाढलेली, आमच्या घरच्या आखाड्यात इतकी वर्सं हुभी हाय, पन जिच्या पाटीला आजपातूर माती लागली न्हाय..."

मग तिच्या बापाचं नाव, आणि मग तिचं. त्या बसलेल्या घशात होता नव्हता तेवढा जोर त्यांनी त्या नावाला लावला. माईकवरचा दिवा लाल तो लालच. बाजारातून आलेल्या समोरच्या बाईनं खिडकी उघडून बघितलं. आईनं डोक्यावरून पदर घेतला आणि म्हणाली, "एवढं मोठ्यानं कशाला."

मी लावून ऐकलं. सगळं फाटलेलं. शेवटचं नाव तर नुसता खरखराट.

"आप्पा, परत घ्या. जरा हळू, आणि लांबून."

"पुकारलेली जोड परत पुकारत न्हाईत," असं म्हणून त्यांनी टोपी काढून खुंटीला लावली. मी विनवलं, रागावले, पण ते बधले नाहीत. मग दवाखान्यात भरती व्हायची धावपळ सुरू झाली आणि माईक खोक्यात गेला.

आता आप्पा घरी आहेत. गळ्याला भोक आहे, त्यातून श्वास चालतो. मी त्यांच्या मोबाईलवर चौकोन करून दिलेत, दाबला की बोलतो. "न्हाय" सगळ्यात जास्त वाजतं. गल्लीतली माणसं बघायला येतात, तेव्हा ते "पावणं, बसा की" दाबतात, आणि माणसं बसायच्याऐवजी मोबाईलकडे बघत उभी राहतात, त्याचा आप्पांना राग येतो. घाईत चहाच्या जागी "लाईट घालवा" वाजतं. चीड येते त्यांना, मोबाईल आपटतात, आणि मग मला नवीन काच बसवून आणावी लागते.

एका दुपारी आप्पा झोपले होते. स्वयंपाकघरातून तो फाटका आवाज आला, चंदगड तालुक्यातनं, पावसात वाढलेली. आई मोबाईल कानाशी धरून बसली होती. मी म्हटलं, आण इकडं, दुरुस्त करते, खरखराट बराचसा काढता येतो. आणि एक प्रत मलाही घेते. मैदानातलं म्हणावं असं तेवढं एकच तर हाती लागलं होतं.

आईनं मोबाईल पदराखाली घेतला.

"हात लावायचा न्हाय त्याला. आणि तुला गं कशाला? तुजं नाव कुठं हाय त्यात?"

त्यात नव्हतंच. मग मी आप्पांच्या मोबाईलवरचे सगळे तुकडे पहिल्यापासून ऐकले, टाकून दिलेलेसुद्धा. आप्पा मला जन्मभर नावानं हाक मारत आले, गल्लीच्या टोकापर्यंत जाईल अशी. पण त्या बैठकांत मी सारखी माईकच्या पलीकडे, त्यांच्या अगदी समोर उभी होते. समोर उभ्या असलेल्या माणसाला कुणी हाक मारत नाही.