हिलालला सुधारणारी माणसं

जिनिंगच्या दारावरून नुसतं चालत गेलं तरी सदऱ्याला कापूस चिकटतो. मी तर सरकारी ऑफिसच्या दाराशी स्टुलावर उमर काढली. मग किस्से चिकटणारच! झटकले तरी जात नाहीत. आता रिटायर झालो, पण माझ्या जागी माणूसच भरला नाही, म्हणून साहेब फोन करतात, "नाना, या जरा." मी जातो. घरी बसून तरी काय करणार?

ऑफिस आमचं जळगावात. काम काय, ते सांगतो. दारूच्या पायी गुन्हा केलेल्या माणसाला कोर्ट कधीकधी जेलात न धाडता बाँडवर घरी सोडतं. वर्षभर पिऊ नको, ऑफिसात हजेरी दे, व्यसनमुक्ती केंद्रात जा. चुकला तर बाँड रद्द, सरळ जेल. आणि कोर्ट, पोलीस, केंद्र अशी सगळ्यांची मोट बांधायचं काम आमच्या साहेबांचं. त्याला कोऑर्डिनेशन म्हणतात. ते काय असतं, मला अजून कळलेलं नाही. साहेबांना कळलं असेल असंही वाटत नाही!

त्यात आला हिलाल. धरणगावकडचा, काळीपिवळी चालवायचा. पिऊन भर बाजारात एकाचं डोकं फोडलं होतं. पहिल्या हजेरीला बायको सुमन सोबत आली. साहेब आत जेवत होते, म्हणून माझ्या स्टुलापाशीच खाली बसली.

"नाना, हाऊ जेलमा गया तर पोरगी इचारी, मना बाप कोठे शे. मी काय सांगू तिले?"

"नाही जाणार, बेटा," मी म्हणालो.

म्हणालो खरा. त्याला सुधारायला कोण कोण कंबर कसून बसलंय, ते मला तेव्हा कुठे माहीत होतं!

*

आमची हजेरी सोमवारी, अकरा वाजता. व्यसनमुक्ती केंद्र धुळ्याला. तिथलीही हजेरी सोमवारी, अकरा वाजता!

हिलाल साहेबांसमोर हात जोडून उभा. "सायेब, अर्धा आठे राहू अन अर्धा तठे जाऊ का?"

साहेब म्हणाले, "काळजी करू नको, कोऑर्डिनेशन करतो."

केलं. इकडून धुळ्याला पत्र गेलं, की तुमच्या सोयीसाठी आम्ही आमचा वार बदलतो. तिकडूनही पत्र निघालं होतं, की तुमच्या सोयीसाठी आम्ही आमचा वार बदलतो. मन मोठं दोघांचंही! दोघांनीही मंगळवार धरला.

तोवर हिलालच्या नावावर गैरहजेरी चढत होती. कधी आमच्याकडे, कधी त्यांच्याकडे. पोलीस घरी जाऊन दम देऊन आले. शेवटी धुळ्याच्या सरांचं लग्न एका मंगळवारी निघालं, म्हणून केंद्राने बुधवार केला आणि हिलाल वाचला.

त्या लग्नाला मी मनातल्या मनात अक्षता टाकल्या!

*

मग साहेबांनी सगळ्या खात्यांची मीटिंग लावली. मोठे मोठे लोक आले. मधल्या खुर्चीवर कोणी बसायचं यावरच चहा थंड झाला. पोलीस म्हणे आमचा मान, दवाखाना म्हणे आमचा. मी आणखी एक खुर्ची आणून मध्ये ठेवली, तर त्या दोन खुर्च्यांतली नेमकी मधली कोणती, यावर परत सुरू!

बाहेर व्हरांड्यात बाँडवरची माणसं बसलेली. आतला आवाज ऐकून सोनगीरचा एक म्हातारा मला हळूच विचारतो, "नाना, यास्नी सकायलेच दारू लायी का रे?"

*

या म्हाताऱ्याचं धुळ्याच्या केंद्रातही एकदा असंच झालं. तिथे नवीन सर पडद्यावर चित्रं दाखवायचे. एक दिवस भिंतभर बाटली दाखवली. थंडगार, वरून पाणी ओघळतंय. बाहेर मे महिना!

सर गंभीर होऊन म्हणाले, "डोळे उघडे ठेवा. हे पाहून मनात काय येतं, प्रामाणिकपणे सांगा."

मग म्हातारा म्हणाला, "सर, तहान लागनी!"

सरांनी त्याच्या नावापुढे शेरा मारला, 'प्रगती चांगली.' हिलालने परत येऊन हे सांगितलं तेव्हा हसून हसून माझी कवळी बाहेर आली.

*

मध्येच कोर्टाने विचारलं, हिलाल पितो की नाही? गावातल्या प्रतिष्ठित माणसाचा जबाब आणा.

हवालदार गावात गेले. सरपंच म्हणाला, मी बाहेरगावी असतो. गुरुजी म्हणाले, मला यात गुंतवू नका. हिलाल खरंच पीत नव्हता, पण तेवढं बोलायलाही कोणाची जीभ उचलेना. एवढ्यावरून माणूस जेलात जायचा!

शेवटी बोलली कोण, तर गोजरअक्का. गावात हातभट्टीची दारू विकते ती.

"माले इचार ना," ती हवालदाराला म्हणाली. "तो पेत नही. पेता तर माले मालूम नही पडतं का? मनं गिऱ्हाईक गयं!"

याहून पक्की साक्ष जगात आहे का? हवालदारांनी अंगठा घेतला आणि जबाब साहेबांपुढे ठेवला. साहेब कपाळाला हात लावून म्हणाले, "अहो, हिचा व्यवसाय काय लिहू मी?"

हवालदार म्हणाले, "स्वयंरोजगार लिहा, साहेब!"

*

आता भरताच्या पार्टीचं सांगतो.

थंडी पडली, की आमच्याकडे कोणी ना कोणी शेतात भरीत करतंच. एका रविवारी संध्याकाळी भडगावकडे गिरणेकाठच्या मळ्यात साहेब, फौजदार आणि केंद्राचे प्रमुख जमले. वांगी भाजायला हिलाल. साहेबांनी बोलावल्यावर बाँडवरचा माणूस नाही म्हणेल का? भाकरी थापायला मळ्यातली बाई होती आणि कांदा चिरायला मी.

कपाशीच्या पऱ्हाट्यांचा जाळ झाला, वांगी लागली आणि जीपमधून पिशवी निघाली. पिशवीत काय होतं ते मी सांगायला नको.

केंद्राचे प्रमुख स्वतः ग्लास घेऊन हिलालकडे गेले. व्यसनमुक्तीचे प्रमुख, बरं का! म्हणाले, "घे रे, एकाने काही होत नाही."

माझा कांदा चिरायचा थांबला. हिलाल ग्लासाकडे बघत राहिला. चांगला बघत राहिला. मग वांगं उलटवत म्हणाला, "नको सायेब. करपी जाई."

जेवणं झाली तेव्हा तिघांपैकी एकालाही जीपचं दार सापडेना! हिलालनेच एकेकाला उचलून मागे बसवलं आणि गाडी काढली. मी पुढे, त्याच्या शेजारी.

नाक्यावर पोलिसाने अडवलं. काच खाली केली तर आतून असा वास, की तो दोन पावलं मागे सरकला. मशीन हिलालच्या तोंडापुढे धरलं. हिलालने फुंकलं. काहीच नाही! पोलिसाने मशीन हलवलं, परत फुंकायला लावलं. काहीच नाही.

"तू कोण रे?"

"मी दारुड्या, सायेब. बाँडवर शे."

"आणि हे मागचे?"

"ह्या माले सुधारनारा शेतस."

पोलिसाने बॅटरी मारून मागे बघितलं, फौजदारसाहेबांना ओळखलं आणि घाईघाईने सलाम ठोकला. फौजदार झोपेत होते.

दोनच दिवसांनी, मंगळवारी, हिलालची हजेरी. सुमन दाराशी उभी. साहेब मान खाली घालून नेहमीचे प्रश्न वाचायला लागले. ते त्यांना पाठच.

"दारू प्यायलास?"

"नही."

"मारामारी, भांडण?"

"नही, सायेब."

"दारू पिणाऱ्यांच्या संगतीत होतास?"

ही बाँडमधली शेवटची अट. हो म्हटलं की जेल. हिलालने सुमनकडे बघितलं. मग माझ्याकडे. मी खिडकीबाहेर बघायला लागलो.

"व्हतू, सायेब," तो म्हणाला. "रविवारले. नावं सांगू का?"

साहेबांनी उत्तराची जागा कोरीच ठेवून पेनाला टोपण लावलं. बाहेर हुडहुडी भरत होती, साहेब आणि मी, दोघंही स्वेटरमध्ये.

"नाना," साहेब म्हणाले, "तेवढा पंखा लावा."