काचेतला टाइपरायटर

झेंडूचा वास आला की मला तेलीबांध्याच्या त्या कॉलेजातला एसीचा गारठा आठवतो. आज शहरभर शाखा असलेलं ते करिअर कॉलेज बाबांनी आणि त्यांच्या मित्रानं ब्राह्मणपाऱ्यातल्या एका खोलीत, एकाच टाइपरायटरवर सुरू केलं होतं. दर खंडेनवमीला बाबा त्या मशीनला तेल देत, हार घालत आणि कोऱ्या कागदावर ‘श्री’ उमटवत. पुढं मित्र वारले, कॉलेज विकलं गेलं, तरी त्यानंतरच्या नवमीला बाबा गोल बाजारातून हार घेऊन निघालेच. मी सोबत होते. मशीन आता स्वागतकक्षात काचेच्या पेटीत होतं, खाली पाटी, ‘हमारी शुरुआत’. काउंटरवरच्या मुलीला बाबा म्हणाले, “बेटा, पेटी उघडून दे ना, पूजा कराची हाय मले.” तिला मराठी कळत होतं. “अंकल, ये सील है, नहीं खुलेगा.” “मंग वरून हार ठेवू?” “काँच पे दाग पड़ जाएगा, अंकल.” “हव,” बाबा मान हलवत म्हणाले, आणि हार पिशवीत परत ठेवून त्यांनी बाहेरूनच, काचेवर बोटं टेकवत, ‘श्री’ टाइप केलं. दारातून मी मागं वळून पाहिलं, तर ती मुलगी फडक्यानं काच पुसत होती. बाबा आता नाहीत. त्यांची बोटं आठवू म्हटलं, की आधी ते फडकंच दिसतं.